पावसाळ्यात वस्तऱ्याला कोणतं तेल?

कोकणातल्या पावसाळ्यात कार्बन स्टीलचा वस्तरा ओलसर राहिला की पात्यावर तांबूस ठिपके आलेच. आमच्याकडे खोबरेल लावायची पद्धत. गंज थांबतो, पण थंडीत ते थिजतं आणि जुनं झालं की खवट, चिकट होतं. जवसाचं तर नकोच, ते वाळून वार्निशसारखा थर धरतं. शेवटी शिवणयंत्राचं तेल आणलं. पातळ खनिज तेल, खवट होत नाही. चेहऱ्याजवळ ते नको वाटत असेल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या.

खरं काम पुसण्याचं. पाणी अडतं ते मुठीच्या खिळ्यापाशी, पातं जिथे फिरतं तिथे. मी टिश्यूची बारीक वळी करून त्या फटीतून ओढतो, पातं थोडा वेळ उघडंच ठेवतो, मग खिळ्यावर एक थेंब. पात्याला कापसाने पुसटसा हात पुरे, तोही पाठीकडून धारेकडे. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं. दाढीआधी तेल पुसून स्पिरिटचा बोळा फिरवायचा. आधी पडलेले ठिपके मात्र तेलाने हलले नाहीत. त्यांना मेटल पॉलिशच लागलं.