सायफाय कादंबरी वाचायचीय पण विज्ञानाचं टेन्शन येतं? मग असं वाचा

"मला सायन्स कळत नाही म्हणून मी सायफाय वाचत नाही" असं म्हणणारी माणसं डिटेक्टिव्ह कादंबऱ्या मात्र चवीने वाचतात, आता तिथे कुठलं विष किती वेळात चढतं हे आपल्याला कुठे माहीत असतं? लेखक सांगतो, आपण मान डोलावतो आणि पुढे खून कोणी केला ते बघतो. सायफायलाही तेवढंच करायचंय. मी काही अभ्यासक वगैरे नाही, झोपायच्या आधी जमतील तेवढी पानं वाचणारी साधी वाचक आहे, त्यामुळे खाली जे लिहिलंय ती माझी मतं समजा आणि पटेल तेवढंच घ्या.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की न कळणं वेगळं आणि कंटाळा येणं वेगळं. सायफायमध्ये सुरुवातीला काही न कळणं हे बऱ्याचदा लेखकाने मुद्दाम केलेलं असतं, त्यात तुमचा काही दोष नाही, आणि लोक नेमके इथेच पुस्तक मिटतात. फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' घ्या. 1965 ची कादंबरी, जाडजूड, आणि पहिल्याच प्रकरणात बेने जेसेरिट, क्विसाट्झ हाडेराख, गोम जब्बार असले शब्द धडाधड अंगावर येतात. पण शब्द बाजूला ठेवून बघा ना काय चाललंय ते: पंधरा वर्षांचा एक मुलगा, समोर एक जरबेची म्हातारी, ती त्याला एका पेटीत हात घालायला लावते, मानेशी विषारी सुई धरते आणि सांगते की हात बाहेर काढलास तर मेलास, आणि मग पेटीत वेदना सुरू होतात. एवढं कळलं ना? मग झालं. हा सीन कळायला त्या म्हातारीच्या पंथाचा इतिहास लागत नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची मोठी यादी दिलेली आहे पण दर ओळीला मागे पळू नका, वाचायची सगळी मजा जाते. माझा हिशोब असा की जो शब्द खरंच महत्त्वाचा असेल तो पुन्हा पुन्हा येणार आणि तिसऱ्या चौथ्या वेळेला आपोआप कळणार, आणि जो परत आलाच नाही तो गेला उडत.

दुसरं काम म्हणजे लेखकाने आपल्या ओळखीच्या जगात नेमका कोणता बदल केलाय ते हुडकायचं. चांगल्या कादंबरीत बहुतेक वेळा एकच मोठी थाप असते आणि बाकी सगळं त्या थापेतून निघतं. एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' 1895 ची आहे आणि ज्या यंत्रावरून पुस्तकाचं नाव पडलंय त्या यंत्राचं वर्णन किती, तर थोडं निकेल, थोडं हस्तिदंत, थोडा स्फटिक, दोन दांडे, बास! चौथ्या मितीवर (म्हणजे काळावर) जेवणानंतर थोड्या गप्पा होतात आणि पठ्ठ्या थेट सन 8,02,701 मध्ये. यंत्र चालतं कसं यात वेल्सला फार रस नव्हताच, त्याला दाखवायचं होतं की श्रीमंत आणि कामगार यांच्यातली दरी अशीच वाढत राहिली तर शेवटी माणसांच्या दोन वेगळ्या प्रजातीच होतील, एक उन्हात बागडणारी नाजूक आणि एक जमिनीखाली राहणारी, आणि त्यातली कोण कोणाला खाते हे वाचूनच कळू द्या. म्हणजे थाप एकच, यंत्र. ती मान्य करून टाकायची, तिच्याशी वाद घालत बसायचं नाही. वाद घालायचा तो पुढे, की एवढं मान्य केल्यावर लेखक स्वतःच्या नियमाशी प्रामाणिक राहतोय का. मला राग येतो तो इथेच, शेवटच्या वीस पानांत हिरो अडकला की अचानक एक नवीनच किरण, नवीनच बटण निघतं, तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं.

आणि विज्ञानातल्या चुका? त्या मोठमोठ्या पुस्तकांत असतात. 'द मार्शियन' मध्ये सगळी कथा सुरू होते मंगळावरच्या एका वादळामुळे, यान कलंडायची वेळ येते, एक जण मागे राहतो वगैरे. पण मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे, तिथलं वादळ यानाला काही करू शकणार नाही आणि हे लेखकाने स्वतःच उघडपणे मान्य केलंय, म्हणे गोष्टीसाठी हवं होतं ते वादळ. लॅरी निव्हनच्या 1970 च्या 'रिंगवर्ल्ड' ची तर अजून धमाल. एका ताऱ्याभोवती फिरणारी अवाढव्य कडी, त्यावर वस्ती, आणि वाचकांनी गणितं करून दाखवून दिलं की ही कडी स्थिर राहणारच नाही, 1971 च्या सायफाय संमेलनात विद्यार्थी तशा घोषणा देत फिरले. लेखकाने काय केलं, पुढच्या पुस्तकात कडीला जागेवर ठेवणारी इंजिनं बसवून टाकली. आता गंमत बघा, ज्यांना गणित येतं त्यांना पुस्तक असंही आवडलं आणि ज्यांना येत नाही त्यांना चूक आहे हेच कळलं नाही, मग आपण कशाला घाबरायचं.

आकडेमोडीची पानं आली की मी सरळ सांगते, वगळा. सगळं वगळू नका, परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचायचं आणि शेवटचं वाचायचं. 'द मार्शियन' मध्ये बटाटे पिकवायला पाणी किती लागेल, ते हायड्रोजनपासून कसं बनवायचं, किती कॅलरी, किती दिवस पुरतील असा हिशोब चालतो, तिथे पहिल्या वाक्यात अडचण असते आणि शेवटच्यात "जमलं" किंवा "मेलो" यातलं काहीतरी असतं. मधलं तुम्हाला आवडलं तर वाचा, मला पाणी बनवायचा भाग आवडला कारण त्यात स्फोट होतो, रेडिओची दुरुस्ती मात्र मी चाळली.

आता सुरुवात कुठून करायची. सगळे लोक याद्या देतात आणि याद्यांत वरती नेहमी तीच जाडी पुस्तकं असतात. नवख्या माणसाने जाडी बघून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, बारीक पुस्तक घ्या. सायफायच्या ह्यूगो पुरस्कारात 17,500 ते 40,000 शब्दांच्या लिखाणाला नॉव्हेला म्हणून वेगळा गट आहे, त्या गटातली विजेती पुस्तकं शोधा, दोन-तीन बैठकांत संपतात आणि पाल्हाळ लावायला लेखकाला जागाच नसते. 2017 चं 'ऑल सिस्टिम्स रेड' असंच आहे, त्यातल्या सिक्युरिटी रोबोने स्वतःचं कंट्रोल मोड्यूल हॅक केलंय आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर तो करतो काय तर लपून सिरियली बघतो आणि माणसांनी आपल्याशी बोलू नये म्हणून प्रार्थना करतो, इतका आपल्यातला वाटतो ना.

पण एकच सुचवायचं झालं तर मी 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' सुचवेन. आधी 1959 मध्ये कथा म्हणून आली, मग 1966 मध्ये कादंबरी झाली. मतिमंद असलेला चार्ली, त्याच्यावर बुद्धी वाढवायचं ऑपरेशन होतं, आणि सगळं पुस्तक म्हणजे त्यानेच लिहिलेले प्रगतीचे अहवाल. पहिली पानं अशुद्ध, स्पेलिंग चुकलेली, वाक्यं तुटकी. मग हळूहळू स्पेलिंग सुधारतात, विरामचिन्हं येतात (एका पानावर तर तो नवीनच शिकलेले स्वल्पविराम वाट्टेल तिथे पेरतो), पुढे तो असं लिहायला लागतो की आपल्यालाच डिक्शनरी लागावी. ज्या उंदरावर आधी प्रयोग झालेला असतो त्या अल्जरनॉनचं काय होतं तिकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगते. यात स्पेसशिप नाही, एलियन नाही, आणि तरी पक्कं सायफाय. मराठीतून सुरुवात करायची असेल तर जयंत विष्णू नारळीकरांची पुस्तकं आहेतच, 'वामन परत न आला' मध्ये यंत्रमानव आहे, भाषा सरळ, उगाच लांबण नाही. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीसही मिळवलं.

आपल्याला माणसं आवडतात का कल्पना आवडतात हेही आधी ओळखा, अर्धी भांडणं यावरूनच होतात. आर्थर क्लार्कच्या 1973 च्या 'राँदेव्हू विथ रामा' मध्ये सूर्यमालेत एक 50 किलोमीटर लांबीचा पोकळ सिलिंडर येतो, चार मिनिटांत एक गिरकी घेतो, त्या गिरकीमुळे आतल्या भिंतीला चिकटून राहता येतं, आणि आत एक समुद्र गोल गुंडाळलेला आहे, म्हणजे मान वर केली की डोक्यावरही समुद्रच! वाचताना मी चक्क कागदाची गुंडाळी करून बघितलं होतं. पण तुम्ही मला विचाराल की यानातल्या माणसांची नावं काय, तर एक कॅप्टन सोडला तर मला आठवत नाही, सगळी पुठ्ठ्याची माणसं. मला चाललं, माझ्या एका मैत्रिणीला अजिबात नाही चाललं, तिला उर्सुला ले ग्विनचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' आवडलं जे मला सुरुवातीला फार संथ वाटलं. पण त्यात बर्फावरून दोन जणांनी केलेला लांबलचक प्रवास येतो ना, तिथपर्यंत टिकलात तर मग पुस्तक खाली ठेवत नाही.

जुनं पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा छापल्याचं साल बघायचं, ही सवयच लावून घ्या. आयझॅक आसिमॉव्हचं 'फाउंडेशन' 1951 मध्ये पुस्तक म्हणून आलं पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी 1942 पासूनच मासिकात येत होत्या, त्यामुळे हजारो वर्षं पुढच्या आकाशगंगेत लोक सिगार ओढतात, वर्तमानपत्र वाचतात आणि बायका शोधाव्या लागतात. आज खटकतंच ते, खटकू द्या. तरीही 30,000 वर्षांचं अंधारयुग गणिताच्या जोरावर 1,000 वर्षांवर आणायचं ही आयडिया अजून डोकं हलवते. एक टिप, यात प्रत्येक भागात काळ पुढे उडी मारतो आणि पात्रं बदलतात, त्यामुळे कोणावर जीव लावू नका, माहीत नसलं की लोक वैतागतात. आणि क्रम कुठला तर ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने. आसिमॉव्हने 1988 मध्ये लिहिलेलं आधीच्या काळाचं पुस्तक पहिलं म्हणून हातात घेतलंत तर आधी छापलेल्या पुस्तकांतलं गुपित आधीच फुटेल.

सोडायचं कधी? कळत नसेल पण पुढे काय होतंय याची खाज असेल तर थांबू नका. सगळं कळतंय आणि तरी हात फोनकडे जातोय तर सोडा, कितीही पुरस्कार असोत. 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम' बद्दल मात्र थोडा धीर धरा. इंग्रजी भाषांतर 1967 च्या चीनमध्ये सुरू होतं, सांस्कृतिक क्रांती, एका भौतिकशास्त्रज्ञाला लोकांसमोर मारतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं अरे मी ऐतिहासिक कादंबरी घेतली की काय. मूळ चिनी पुस्तकात ही प्रकरणं मध्ये होती, भाषांतर करताना ती पुढे आणली, आणि मला हे बरंच झालं वाटतं कारण पुढे त्या भौतिकशास्त्रज्ञाची मुलगी जे करते ते का करते हे या पानांशिवाय पटत नाही. नावं लक्षात राहत नसतील तर बुकमार्कवर पेनाने लिहून ठेवा, नाव आणि पुढे दोन शब्द, पोलीस, मुलगी, प्रोफेसर असं. व्हिडिओ गेममधलं तीन सूर्यांचं जग येईपर्यंत वाचा, तिथली माणसं उन्हाळा असह्य झाला की स्वतःला वाळवून गुंडाळून ठेवतात आणि बरे दिवस आले की पाण्यात भिजवून जागी होतात. हे वाचूनही काही वाटलं नाही तर खुशाल परत करून टाका.

सिरीजच्या बाबतीत माझा नियम कडक आहे, पहिलं आवडलं तरी दुसरं लगेच नाही. मध्ये एखादं वेगळंच पुस्तक, शक्यतो बारीक. 'ड्यून' ची हर्बर्टने स्वतः लिहिलेली सहा पुस्तकं आहेत आणि पहिलं स्वतःपुरतं बऱ्यापैकी संपतं, तिथे थांबलात तर काही राहिलं असं वाटत नाही. दुसरं वाचलं तर ते बारीक आहे आणि त्यात पहिल्यातल्या हिरोगिरीची हवाच काढलीय, ते मला आवडलं, बऱ्याच जणांना नाही आवडत. तिसऱ्याच्या पुढे मी अजून गेले नाहीये आणि सध्या घाईही नाही.