अद्भुत शक्ती असलेल्या किशोरांच्या प्रेमकथेचा दुसरा भाग कसा लिहावा

पहिल्या भागाच्या अखेरीस नायक-नायिका एकत्र आलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या भागात त्यांच्यात अंतर कसे आणावे, हाच लेखकापुढचा मुख्य पेच असतो. गैरसमज, अर्धवट ऐकलेले बोलणे किंवा अचानक उगवलेला जुना मित्र या युक्त्या कोणत्याही प्रेमकथेत चालून जातात, म्हणूनच इथे त्या टाळाव्यात. अडचण शक्तीच्याच नियमांतून निघायला हवी.

या दृष्टीने ताहेरेह माफी यांची ‘शॅटर मी’ (२०११) आणि तिचा दुसरा भाग ‘अनरॅव्हल मी’ (२०१३) शेजारी ठेवून वाचाव्यात. सतरा वर्षांच्या ज्युलिएटचा स्पर्श जीवघेणा आहे. तिचा प्रियकर अ‍ॅडम याला मात्र त्याने काही होत नाही, आणि वाचक हे दोघांचे भाग्य समजून पुढे जातो. दुसऱ्या भागात, ‘ओमेगा पॉइंट’ या भूमिगत तळावर चाचण्या होतात तेव्हा कळते की, इतरांच्या शक्ती निष्प्रभ करणे हीच अ‍ॅडमची शक्ती आहे, ती तो नकळत वापरत आला आहे, आणि तो बेसावध झाला की ज्युलिएटचा स्पर्श त्यालाही बाधू शकतो. ज्या गोष्टीने दोघांना जवळ आणले, तिच्यातच ताटातुटीचे कारण दडलेले निघते. ज्युलिएट आपण होऊन दूर होते. त्यासाठी खलनायकाला बोटही उचलावे लागत नाही.

तेव्हा लेखनाला बसण्यापूर्वी पहिला भाग पुन्हा वाचून, प्रत्येक शक्ती काय करते, कधी करत नाही आणि तिची किंमत कोण मोजतो, याची टिपणे काढावीत. आधी सांगितलेला नियम मोडू नये. न सांगितलेले कारण मात्र खुशाल उघड करावे. प्रतिस्पर्धी प्रेमिकाची पेरणीही पहिल्याच भागात झालेली असावी. ज्युलिएट खिडकीतून निसटत असताना तिला डांबून ठेवणारा, पण तिच्यावर भाळलेला वॉर्नर तिचा पाय धरतो आणि त्याला काहीच होत नाही, एवढा एक प्रसंग माफींना पुढे भरपूर पुरला आहे.

मागील कथेची उजळणी थोडक्यात आटोपावी. प्रशिक्षणाचे प्रसंगही मोजकेच असावेत. ‘अनरॅव्हल मी’चा सुरुवातीचा भाग, माझ्या मते, नायिकेच्या आत्मनिंदेत नको तितका रेंगाळतो.

निवेदनाच्या भाषेकडे मात्र बारकाईने पाहावे. पहिल्या भागात ज्युलिएट मनातली वाक्ये लिहून त्यांवर काट मारते, आणि मालिका पुढे सरकते तशा या काटा विरळ होत जातात. आपल्या नायिकेतही असा बदल हवा असेल, तर तिची एखादी लकब निवडून ती कोणत्या प्रकरणापासून सुटू लागेल, हे आराखड्यातच नोंदवून ठेवावे.