आयरिश पूर्वज शोधताय? आयर्लंडला पोचायची घाई करू नका

माझी सून कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातली. तिचं माहेर पीटरबरोजवळच्या शेतकरी वस्तीत. मूळ पुरुष आयर्लंडहून आला, एवढंच घरात माहीत. नातीच्या बारशाला दोन्हीकडची वंशावळ काढून द्यायचं मी कबूल केलं आणि पहिल्याच रात्री सगळ्यांत मोठी चूक केली. नाव टाकून थेट आयर्लंडच्या नोंदींत शिरले. पॅट्रिक मर्फी तिथे पावलोपावली भेटतो. एक वयाने जुळला, तो मी आपला म्हणून जोडला. पुढचे तीन आठवडे मी परक्याच घराची वंशावळ रचत होते.

असं होतं, कारण आयर्लंडमध्ये शोधायला गावाचं नाव लागतं. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं. १८२१ ते १८५१च्या जनगणना जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. १८६१ ते १८९१च्या त्याआधीच सरकारने नष्ट केल्या होत्या. पूर्ण हाती लागणाऱ्या सर्वांत जुन्या त्या १९०१ आणि १९११च्या, म्हणजे आपला माणूस निघून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. उरतात १८२३ ते १८३७मधल्या टाइद म्हणजे चर्चसाठी घेतलेल्या शेतीवरच्या कराच्या वसुलीच्या वह्या, १८४७ ते १८६४ची ग्रिफिथची मोजणी (करासाठी केलेली जमीन-घरांची मोजदाद) आणि कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या. चर्चच्या या नोंदवह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन फुकट ठेवल्या आहेत. पण हे सगळं पॅरिश (एका चर्चची हद्द) आणि टाउनलँडनुसार लावलेलं. टाउनलँड म्हणजे टाउन नव्हे. बऱ्याचदा आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा, आणि असे साठ हजारांहून जास्त. नुसतं ‘काउंटी कॉर्क’ हाती असणं म्हणजे ‘सातारा जिल्ह्यातले जाधव’ एवढ्यावर कुणाचं घर शोधायला निघणं.

त्या वाडीचं नाव बहुतेक वेळा कॅनडातच कुठेतरी लिहिलेलं असतं. आधी तिथलं सगळं चाळून संपवा.

‘दुष्काळात आले असतील’ हे गृहीत धरू नका

आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळातली १८४७ची हकिकत काळीज पिळवटणारी आहे. क्वेबेकजवळ, आलेल्या जहाजांवरच्या आजाऱ्यांना वेगळं ठेवायच्या ग्रोस ईल बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून जास्त माणसं पुरली गेली. पण ओंटारिओच्या खेड्यांतली बरीच आयरिश घराणी त्याआधीच, १८१५ ते १८४५मध्ये आली. कॅनडाचं लाकूड ब्रिटनला पोचवून परत निघालेल्या जहाजांत स्वस्तात जागा मिळायची. क्वेबेक बंदराच्या प्रवासी याद्या १८६५पासून नीट मिळतात, त्यामुळे त्याआधीचं जहाज शोधण्यात महिने घालवू नका. मोठा अपवाद पीटर रॉबिन्सनने सरकारी खर्चाने आणलेल्या कुटुंबांचा. १८२५मध्ये कॉर्कहून दोन हजारांवर माणसं आली, त्यांच्या नावांच्या याद्या शाबूत आहेत. आमचा पॅट्रिक त्यांत नव्हता.

दुसरं गृहीतक धर्माचं. आयरिश म्हणजे कॅथलिकच असं धरून चालू नका. ओंटारिओत आयरिश प्रॉटेस्टंट जास्त होते. शिवाय रानात जो धर्मोपदेशक घोड्यावरून येईल त्याच्याकडून बाप्तिस्मा उरकला जायचा. अँग्लिकन घरातली मुलं मेथडिस्ट वहीत सापडली तर नवल नाही.

नावच सापडत नाही तेव्हा

ओ’ आणि मॅक गळतात, पुढच्या पिढीत परत लागतात. रायली, रेली, ओ’रायली एकाच घरातले असू शकतात. ब्रिजेटची डिलिया होते, ऑनोराची नोरा. चर्चच्या लॅटिन वहीत जेम्सचा जेकोबस. कॅनडाची १८५१ची जनगणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२मध्ये झाली, आणि तीत व १८६१मध्ये ‘येत्या वाढदिवसाला किती वय’ असं विचारलं होतं, त्यामुळे वय एकाने पुढे दिसतं. १८५१ची कित्येक पानं हरवलीच आहेत, तेव्हा नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. ओंटारिओ हे नाव १८६७चं; त्याआधीच्या कागदांत अप्पर कॅनडा, मग कॅनडा वेस्ट शोधा. १९०१मध्ये जन्मतारीख आणि कॅनडात आल्याचं वर्ष विचारलं होतं, ते पान चुकवू नका.

एकाच माणसाच्या मागे लागू नका

हे मला सर्वांत उशिरा कळलं. आपण सातबारा आणि गट नंबर बघतो तसं तिथे लॉट (शेताचा तुकडा) आणि कन्सेशन (अशा लॉटची रांग) बघायचं. जनगणनेचे शेतीचे तक्ते, जमिनीचे दस्त, १८७०च्या दशकातले शेतकऱ्यांची नावं छापलेले काउंटी नकाशे : तिन्ही समोर ठेवले की शेजारी कोण ते दिसतं. ही माणसं एकटी आली नव्हती. शेजारचा लॉट बहुधा मेहुण्याचा, पलीकडचा गाववाल्याचा. म्हणून बाप्तिस्म्याचे धर्मपालक, लग्नाचे साक्षीदार, भावाबहिणींची कागदपत्रं, सगळं टिपा. ओंटारिओत १ जुलै १८६९पासून लग्नाच्या सरकारी नोंदणीत वधूवरांच्या आईबापांची नावं येतात. म्हातारपणी दुसरं लग्न केलेला विधुर भाऊ त्यामुळे फार उपयोगी पडतो.

आमच्या नकाशावर पॅट्रिकला लागून त्याच्या बायकोच्या आडनावाचा लॉट होता. विहीणबाई म्हणाल्या, “त्या घरच्यांचं दफन टेकडीवरच्या चर्चमागे आहे, आपल्या लोकांत नाही. तिकडे आम्ही कधी जात नाही.” आम्ही गेलो. दगडावर शेवाळं होतं. खडू किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, दगड झिजतो. साधं पाणी शिंपडलं आणि मी पर्समधल्या आरशाने बाजूने ऊन पाडलं. ‘काउंटी कॉर्क’ आधी उमटलं. त्याच्या खाली, गवतात बुडालेल्या ओळीत, पॅरिशचं नाव होतं. विहीणबाईंनी गुडघे टेकून ते बोटाने एकेक अक्षर करत वाचलं.

त्या रात्री त्या पॅरिशची विवाहवही उघडली. सतराव्या पानावर पॅट्रिक आणि ऑनोरा सापडले. साक्षीदार म्हणून त्याच मेहुण्याचं नाव होतं.