कूलर भंगारात काढण्याआधी: नागपूरकरांनो, या चुका टाळा

पर्यावरणाची काळजी करणाऱ्या घरांतही हिशेब बहुतेकदा दिव्यांपाशीच थांबतो. एलईडी लावले, कापडी पिशवी घेतली की झालं. पण 9 वॅटचा एलईडी आठवडाभर अखंड जळाला तरी दीड युनिट लागतं, आणि दीड टनाचा एसी पूर्ण जोरात तेवढी वीज तासाभरात खातो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत जळणारा कोळसा कमी व्हावा असं मनापासून वाटत असेल, तर आधी गारव्याचा खर्च बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘गारच होत नाही’ म्हणून चांगला कूलर काढून टाकणं. आधी खिडकी तपासा. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते. दारं-खिडक्या लावून घेतल्या की अंग चिकचिकणारच. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. तरीही फरक नसेल तर ताटी, म्हणजे कूलरच्या बाजूची पाण्याने भिजणारी जाळी, पाहा. एखादा पट्टा कोरडा दिसला तर तिथूनच गरम झळ आत येते. वरच्या पन्हळीची भोकं क्षारांनी बुजलेली असतात, ती काडीने मोकळी करा. टिल्लू पंपात गाळ अडकला असेल तर धुऊन घ्या. हे सगळं प्लग काढूनच. ओल्या कूलरचा शॉक जीव घेतो. टाकीतलं पाणी आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. जुनं पाणी झाडांना घाला. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, असा कूलर झकास चालतो. पावसाळ्यात मात्र पंप बंद करून नुसता पंखाच लावा.

एसी लावायचाच तर 18 वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. 26 आणि सोबत पंखा पुरतो.

‘सोलर बसलं, आता वीज फुकट’ ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकते. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, ते जरूर घ्या. पण रात्रभर चालणारा एसी ग्रिडच्याच विजेवर चालतो. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी उरका. पॅनलवर टाकीची सावली पडू देऊ नका, आणि धूळ धुवायची ती सकाळीच. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.