धार विळीला हवी, डोळ्यांना नको

पाव किलो सुका जवळा करायचा म्हटलं तर पाऊण किलो कांदा लागतोच. कांदेनवमीला भजी, झुणका आणि थालीपीठ असा बेत ठरला तर दोन किलोही कमी पडतो. एक-दोन कांदे कसेही चिरून होतात. डोळ्यांची खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या कांद्यापासून सुरू होते, कारण तोवर चिरलेल्या ढिगातून निघालेला वायू आपल्या तोंडाभोवती साठलेला असतो.

अख्ख्या कांद्यात हा वायू नसतो. तो चिरल्यावर तयार होतो. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगं एकीकडे आणि त्यांना फोडणारं विकर (एन्झाइम) वेगळ्या कप्प्यात असतं. पातं फिरलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि एक अस्थिर आम्ल बनतं. त्यावर दुसरं विकर काम करतं आणि प्रोपेनथायल एस-ऑक्साइड तयार होतं. ते सहज उडतं, डोळ्याच्या ओलाव्यात विरघळतं आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातल्या नसांना झोंबतं. मग ते धुऊन काढायला अश्रुग्रंथी पाणी सोडतात. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं. तोपर्यंत पहिल्या विकरावरच सगळं खापर फुटत होतं. पहिलं विकर लसणीतही असतं, पण डोळ्यांना झोंबणाऱ्या वायूचा कच्चा माल लसणीत नाममात्र असतो. म्हणून पसाभर लसूण ठेचली तरी डोळे कोरडे राहतात.

म्हणजे करायच्या गोष्टी तीनच: पेशी कमी चिरडायच्या, विकराला थंड ठेवायचं आणि वायू तोंडावर येऊ द्यायचा नाही. यातली पहिली सर्वांत मोठी, आणि नेमकी तीच आपल्याकडे दुर्लक्षित राहते.

बोथट पातं कांदा कापत नाही, दाबून फोडतं. रस उडतो आणि त्याचे बारीक तुषार थेट वर येतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी विळी (कुणाकडे मोरळी) लवकर गंजते आणि गंजलेल्या पात्याची धार टिकत नाही. पावसाळ्यात तर चार दिवस विळी ओली पडून राहिली की संपलंच. काम झालं की पातं धुवा, फडक्याने कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा. रोज कांदा चिरत असाल तर पंधरा दिवसांतून एकदा पाजवा: दगड ओला करून दोन्ही अंगांनी सारखेच हात फिरवायचे. धार बघायला पिकलेला टोमॅटो घ्या. पातं सालीवर टेकवून हलकं ओढलं की दाब न देता आत शिरलं पाहिजे. साल आधी दबली तर त्या पात्याने कांदा चिरू नका.

आता बसण्याची जागा. विळीवर आपण ओणवे होतो, त्यामुळे तोंड बरोबर कांद्याच्या वर येतं. पाठ ताठ ठेवून हात पुढे घेतले तरी बराच फरक पडतो. ओट्यावर सुरी-पाट वापरलात तर तोंड आपोआप लांब राहतं. वारा बाजूने येईल असं बसा. पाठीमागून आला तर तो अंगाला वळसा घालून पुढे घुटमळतो आणि वायू तिथेच फिरत राहतो. दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, पहाटे जमिनीकडून मतलई वारे. त्याप्रमाणे पडवीत किंवा मागच्या दारात तोंड फिरवून घ्यायचं. फ्लॅटमध्ये टेबलफॅन बाजूला ठेवा किंवा चिमणी चालू करून तिच्याखालीच चिरा.

चिरण्याआधी कांदे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत विकर मंद होतं आणि वायूही कमी उडतो. फ्रीजर मात्र नको. तिथे बर्फाने पेशी फुटतात आणि कांदा लिबलिबीत होतो. कायमचा साठाही फ्रिजमध्ये करू नये, दमटपणाने कोंब फुटतात.

चिरताना शेंड्याकडची टोपी काढा, मुळाकडची चकती राहू द्या. उभे दोन भाग करा, साल काढा आणि कापलेली बाजू लगेच पाटावर पालथी घाला. उघडी बाजू वर राहिली की तीच वायू सोडत बसते. मुळाजवळच्या भागात झोंबरेपणा जास्त असतो, शिवाय मूळ शाबूत असलं की पाकळ्या सुटत नाहीत, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढून टाकायचं. दोन-तीन कांदे झाले की चिरलेला कांदा झाकणाच्या टोपात टाका. समोर परातीत डोंगर रचणं ही सर्वांत नेहमीची चूक.

सोललेले अर्धे कांदे दहा मिनिटं गार पाण्यात ठेवणं कामाचं आहे, पण ते हातातून निसटतात, तेव्हा बोटं सांभाळा. भज्यांसाठी ही युक्ती नकोच, पाणी सुटून पीठ पातळ होतं. जवळ्यालाही कोरडाच कांदा बरा.

वाटणासाठी कच्चा कांदा मिक्सरला लावू नका. झाकण उघडताच भपकारा तोंडावर येतो आणि वाटण कडवटही होतं. कांदा निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजा, नाहीतर तेलावर परता. उष्णतेने विकर निकामी होतं, मग पाट्यावर कितीही रगडा. फक्त आतपर्यंत भाजला पाहिजे. बाहेरून काळा, आतून कच्चा राहिला तर तो रडवतोच.

कांद्याची जातही पाहा. घाटावरून येणारा टिकाऊ उन्हाळी कांदा सहसा झणझणीत असतो. अलिबागचा पांढरा कांदा गोडसर आणि सौम्य. भात निघाल्यावर त्याच शेतात त्याची लागवड होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तो वेण्या करून रस्त्याकडेला विकायला येतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे. कोशिंबिरीला किंवा भाकरीबरोबर तोंडी लावायला तोच घ्यावा. पण पांढरा रंग म्हणजे सौम्य, असं नाही. कांद्याचा तिखटपणा त्याच्या जातीवर आणि जमिनीतल्या गंधकावर ठरतो. दुसरीकडचा पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून गळ्यात मारला तर डोळेच सांगतील.

तोंडात पाव किंवा काडी धरणं, डोक्यावर साल ठेवणं, हे करून बघायला हरकत नाही, करमणूक होते. पोहण्याचा घट्ट चष्मा मात्र खरोखर उपयोगी पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनाही कमी त्रास होतो, कारण बुबुळ झाकलेलं असतं.

तरीही झोंबलंच, तर हात डोळ्यांना लावू नका, बोटांवर तोच रस असतो. उठून मोकळ्या हवेत जा, हात साबणाने धुवा आणि मगच डोळ्यांवर गार पाणी मारा. दोन-चार मिनिटांत थांबतं, डोळ्यांना इजा होत नाही.