शनिवारी संध्याकाळी करून ठेवायची कामं

आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरून मी बरीच वर्षं घर चालवलं, आणि रविवार दरवेळी हातातून निसटला. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, निघायला दहा मिनिटं राहिलेली, धाकटीचा एक बूट पलंगाखाली, थोरला अजून अंघोळीत आणि मी दारात किल्ल्या वाजवत उभी. आमचं कॅथलिक चर्च मात्र रविवार आदल्या संध्याकाळपासूनच धरतं. म्हणून तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंही रविवारी मिस्सेला जाण्याचं कर्तव्य पूर्ण होतं. आमच्या घराची तयारीही मग तिकडेच सरकली. पुढची यादी शनिवार संध्याकाळच्या त्या एका तासाची.

आधी कॅलेंडर. कागदाचं, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, लहानांच्या नजरेच्या उंचीवर. फोनमधलं कॅलेंडर फक्त फोनवाल्याला दिसतं आणि बाकीचे सगळे त्याला विचारत बसतात. लिहायला घ्याल तेव्हा न हलणाऱ्या गोष्टी आधी: रविवारची मिस्सा किती वाजता आणि कोण कुठल्या मिस्सेला, धर्मशिक्षणाचा वर्ग, वेदीसेवकांची (मिस्सेत फादरांना मदत करणाऱ्यांची) पाळी, गायकवृंदाचा सराव, नोकरीतल्या शिफ्ट. शाळेचे कार्यक्रम, दंतवैद्य, खेळाचा सराव हे त्यानंतर, उरलेल्या जागेत. क्रम उलटा झाला की मिस्सा ‘जमलं तर’ या रकान्यात जाते. प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा प्रयोग मी केला होता. तिसऱ्या आठवड्यात हिरवं पेन हरवलं. आता नावाचं पहिलं अक्षर लिहिते. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर नवरा-बायकोनं दोन वेगळ्या मिस्सा गाठायला काहीच हरकत नाही. एका बाकावर सगळं कुटुंब हे चित्र सुंदर आहे, पण त्यासाठी कुणाला तापात ओढून नेऊ नका.

कॅलेंडर उघडलंच आहे तर वर्षातून एकदाचं एक कामही करून टाका. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो आणि राखेचा बुधवार, म्हणजे त्याआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, ईस्टरच्या ४६ दिवस आधी. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार १० फेब्रुवारीलाच येऊन ठेपतो. ईस्टरच्या लगेच आधीचे पवित्र गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार रात्रीचा जागर या तीन तारखांवर आत्ताच जाड रेघ मारा आणि रजेचा अर्ज लवकर द्या. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. तिथूनच चर्चचं नवं वर्ष लागतं, जानेवारीची वाट न बघता.

आता न्याहारी. इथे दर रविवारी वाद व्हायचा, म्हणून जरा थांबून सांगते. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधी किमान एक तास काही खायचं-प्यायचं नाही हा नियम आहे. पाणी आणि औषध चालतं. पण तो तास ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या क्षणापासून मागे मोजायचा, मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून नाही. नऊची मिस्सा असेल आणि ख्रिस्तप्रसाद पावणेदहाच्या सुमारास होत असेल, तर आठला पोटभर खाल्लेलं मूल नियमातच बसतं. वयस्कर माणसं, आजारी माणसं आणि त्यांची काळजी घेणारे यांना तासाचंही बंधन नाही. हे कळल्यापासून आमच्याकडे उपाशीपोटी रडणारं कुणी राहिलं नाही, आणि मिस्सेतला निम्मा चिडचिडेपणाही गेला.

आठवड्याचा स्वयंपाक ठरवताना शुक्रवार वेगळा काढा. १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना मांसवर्ज्य, म्हणजे मांस न खाण्याचा नियम, लागू होतं. उपवास १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. बाकीच्या शुक्रवारी नेमकं काय पाळायचं हे आपापल्या देशातलं बिशप मंडळ ठरवतं, तेव्हा पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, एकदा विचारून घ्या. मोठा सण शुक्रवारी आला तर मांसवर्ज्य नसतं. २०२६ चा नाताळ शुक्रवारीच आहे, त्यामुळे त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कुणी आकडेमोड करू नये.

शनिवारच्या जेवणाला रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सेत वाचला जाणारा येशूच्या चरित्रातला उतारा, मोठ्यानं वाचा. वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, एकेका वर्षी मुख्यतः मत्तय, मार्क आणि लूक. योहान मधूनमधून, जास्त करून पुनरुत्थानकाळात. वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आमच्या धाकटीला उपदेश कळत नाही, पण आदल्या रात्री ऐकलेली गोष्ट परत कानावर आली की ती माझ्या कोपराला हळूच धक्का देते. तेवढं मला पुरतं.

प्रार्थनेसाठी वेगळी वेळ शोधू नका, ती मिळत नाही. जे रोज होतंच त्याला ती बांधा: शाळेच्या वाटेवर, भांडी आवरताना, दिवा मालवायच्या आधी. पवित्र माळेची, म्हणजे जपमाळेवरच्या प्रार्थनेची, पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) म्हणायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात, आणि चार वर्षांचं मूल वीस मिनिटं गुडघ्यावर राहत नाही. आम्ही रोज रात्री एकच दशक म्हणतो आणि रविवारी पूर्ण माळ. रहस्यांची, म्हणजे माळ म्हणताना मनात आणायच्या येशू आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांची, चिठ्ठी देवघराच्या फळीला चिकटवून ठेवली आहे: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, म्हणून सासूबाई गुरुवारी अजूनही जुन्या क्रमानं आनंदाचीच म्हणतात. आम्ही दुरुस्त करत नाही.

पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला जाण्याला, तारीख लावा, नाहीतर ते आगमनकाळापर्यंत ढकललं जातं आणि मग लांबलचक रांगेत उभं राहावं लागतं. महिन्यातला एक शनिवार ठरवून टाका. कुणी आत काय सांगितलं हे घरी परतताना विचारायचं नाही, चेष्टेतही नाही.

कपडे, मोजे, अर्पणाची नाणी, पाण्याची बाटली, बाळाचं डायपर: रात्रीच दाराशी. यावर जास्त काय सांगू.

आणि पॅरिशच्या कामांना एका माणसामागे एकच. तीन समित्यांवर नाव असलेली आई घरी दिसत नाही. मी ती आई होते. फादरांना ‘या वर्षी नाही जमणार’ असं सांगितलं, त्यांनी फक्त मान डोलावली आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारलं.

शेवटी कॅलेंडरवर बाप्तिस्म्याच्या तारखा. वाढदिवस सगळ्यांना पाठ असतात, ही तारीख नसते. त्या दिवशी बाप्तिस्म्याची मेणबत्ती काढून जेवताना लावतो, तेवढंच. नवऱ्याची तारीख मात्र अजून कोरी आहे. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीत ती असणारच, फक्त तिथे फोन करायचं काम गेले चार शनिवार पुढच्या पानावर जातंय.