वेगाचा तालांव आला: भरण्यापूर्वी आणि आव्हान देण्यापूर्वी या चुका टाळा

वेगमर्यादा ओलांडल्याचा तालांव, म्हणजे दंडाचे चलान, आता बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला हातात पडत नाही. तो मोबाइलवर संदेश होऊन येतो, आणि तोपर्यंत धारगळहून पणजीपर्यंतचा तो प्रवास आपण विसरूनही गेलेलो असतो. मग घरात दोन मते पडतात. एकाचे म्हणणे असे की हजार-दोन हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार, भरून टाका. दुसऱ्याचे असे की आपण एवढ्या वेगात नव्हतोच, तेव्हा लढायचेच. ही दोन्ही मते तालांवाचा कागद नीट न वाचता बनलेली असतात, आणि या विषयातील बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी रकमेचा हिशेब पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ नुसार हलक्या मोटार वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास किमान १,००० आणि कमाल २,००० रुपये दंड होतो. मध्यम व अवजड प्रवासी किंवा माल वाहनांना तो २,००० ते ४,००० रुपये आहे. हे दर २०१९ च्या दुरुस्तीने आले आणि गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. म्हणजे दंड कमी करून घेण्याच्या आशेने न्यायालयात जाणाऱ्याने हे जाणले पाहिजे की गुन्हा शाबीत झाल्यास कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेच्या खाली दंड येत नाही. न्यायालयात जाण्याचे कारण रक्कम नसावे, पुरावा असावा.

संदेशातील दुवा उघडणे

तालांवाच्या नावाने फसवे संदेश व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतात. त्यांत वाहनाचा क्रमांकही खरा असू शकतो आणि सोबत ‘एपीके’ नावाची फाइल उतरवून घेण्यास सांगितलेले असते. ती फाइल मोबाइलमध्ये शिरली की बँकेच्या खात्याला धोका आहे. संदेशातील दुव्याला हात न लावता परिवहन खात्याच्या अधिकृत ई-चलान संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा, तो ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो याची खात्री करावी आणि वाहन क्रमांक घालून तालांव खरोखर नोंदलेला आहे का ते पाहावे. तिथे नोंद नसेल तर वाहतूक विभागात चौकशी करावी. तोपर्यंत पैसे भरू नयेत.

‘भरून टाकला की विषय संपला’ असे समजणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण ती शहाणपणासारखी दिसते. तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता गुन्हा मिटवण्याची रक्कम, भरले की त्या तालांवापुरता खटला संपतो, हे खरे आहे. परंतु कलम २०० ला २०१९ मध्ये जोडलेल्या परंतुकानुसार (कलमाच्या शेवटच्या अटीनुसार) तडजोडीने मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी ‘पूर्वी केलेला तोच गुन्हा’ म्हणून धरला जातो. कलम १८३ खाली दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्याला वाहन चालवण्याचा परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. जप्त झालेला परवाना परवाना प्राधिकरणाकडे जातो आणि ते चालकाचे म्हणणे ऐकून त्याला काही काळासाठी अपात्र ठरवू शकते. तडजोडीमुळे ही कारवाई टळत नाही, असेही त्याच कलमाच्या दुसऱ्या परंतुकात स्पष्ट लिहिले आहे.

वर्षातून चार वेळा गाडी बाहेर काढणाऱ्या निवृत्त गृहस्थांना याने फारसा फरक पडणार नाही. पण टॅक्सी चालवणारा, मुरगाव बंदरातून ट्रक नेणारा, मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाडे नेणारा), किंवा रोज डिचोलीहून वेर्ण्याच्या कारखान्यात दुचाकीने जाणारा कामगार यांच्यासाठी परवाना म्हणजे चूल आहे. अशा माणसाने चुकीचा तालांव निव्वळ कटकट नको म्हणून भरला, तर तो हजार रुपये देऊन आपल्या नावावर पहिला गुन्हा लिहून घेत असतो. वेळ वाचला असे त्याला वाटते, परंतु पुढचा तालांव बरोबर असो वा चूक, तो दुसरा ठरतो.

पुरावा न पाहता निर्णय घेणे

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. कॅमेरा, स्पीड गन यांसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरून काढलेल्या तालांवासोबत काय असावे, हे त्यात सांगितले आहे: गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, उपकरणाने मोजलेला वेग, दिनांक, वेळ व ठिकाण, आणि कायद्याच्या कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, अशीही तरतूद आहे. उपकरणाच्या आधी रस्त्यावर सूचनाफलक असणेही या नियमाला अपेक्षित आहे.

तेव्हा संकेतस्थळावरचे छायाचित्र मोठे करून पाहावे. त्यात तुमचीच गाडी आहे का? मॉडेल आणि रंग जुळतात का? इंग्रजी अंकांतील तीन आणि आठ धुळीने माखलेल्या पाटीवर सहज एकमेकांसारखे दिसतात, आणि आपल्याकडे जीए-०३ म्हणजे बार्देश व जीए-०८ म्हणजे सासष्टी असल्याने एका अंकाच्या गफलतीने म्हापशाच्या माणसाला मडगावच्या गाडीचा तालांव येऊ शकतो. असे असेल तर न्यायालयाची वाट धरण्याचीही गरज नसते. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, आपल्या गाडीचे छायाचित्र आणि लेखी अर्ज वाहतूक विभागाकडे देऊन पोच घ्यावी.

छायाचित्रात एकाहून अधिक वाहने असतील तर प्रश्न अधिक नाजूक होतो. लेझर पद्धतीच्या स्पीड गनचा झोत अरुंद असतो, तीनशे मीटरवर साधारण एक मीटर रुंदीचा, त्यामुळे एकच वाहन टिपणे तुलनेने सोपे असते. रडारचा झोत अंतरासोबत बराच फाकतो, आणि शेजारून पुढे निघून गेलेल्या वाहनाचा, विशेषतः मोठ्या बसचा, वेग आपल्या नावावर लागण्याची शक्यता खरोखरच असते. दोन वाहने समांतर दिसत असतील आणि नोंदवलेला वेग आपल्या आठवणीशी अजिबात जुळत नसेल, तर हा मुद्दा मांडण्याजोगा आहे. उपकरणाच्या तपासणीची कागदपत्रे माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. त्याला तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असल्यामुळे अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा. वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांची वैध मापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांखाली तपासणी व शिक्का आवश्यक करणारे नियमही १ जुलै २०२५ पासून लागू झाले आहेत, तेव्हा त्या तारखेनंतरच्या तालांवाबाबत तपासणीचा दाखला मागणे अगदी रास्त आहे.

उपकरणच नसेल तर? एखाद्या साक्षीदाराला वाटले की गाडी फार वेगात होती, एवढ्यावर कलम १८३ खाली दोषी ठरवता येत नाही. यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीचा आधार त्याच्या मताला लागतो, असे याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे. रस्त्यावर थांबवून तालांव दिला गेला असेल तर वेग कशाने मोजला हे शांतपणे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. तिथे हुज्जत घालू नये. त्याने तालांव मागे घेतला जात नाही, उलट शासकीय कामात अडथळा आणल्याचा नवा विषय उभा राहू शकतो.

न टिकणारे बचाव मनात धरून बसणे

‘माझा स्पीडोमीटरच वेग कमी दाखवत होता’ हा बचाव टिकत नाही, कारण गाडीचा स्पीडोमीटर साधारणपणे खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतो. ‘पोलीस रस्त्याच्या बाजूला तिरके उभे होते’ हेही उपयोगाचे नाही. थांबलेल्या उपकरणाने कोनातून मोजलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी येतो, म्हणजे तो कोन तुमच्या बाजूचाच असतो. सगळेच त्या वेगाने जात होते, रस्ता मोकळा होता, मागची गाडी दिवे मारत होती, यांपैकी कशानेही गुन्हा पुसला जात नाही. रुग्णाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) नेत होतो, हे कारण खरे असेल तर दाखल केल्याच्या कागदांसह दंडाधिकाऱ्यांपुढे जरूर सांगावे. मात्र खासगी गाडीला त्यामुळे आपोआप सूट मिळते असे समजू नये.

फलकाचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो वजनदार ठरू शकतो. एखाद्या भागात नेहमीपेक्षा कमी वेगमर्यादा लावायची असेल तर कलम ११२ नुसार राज्य सरकारने ती अधिसूचित करणे आणि तिथे योग्य फलक उभारणे आवश्यक असते. एक महिन्यापर्यंतच्या तात्पुरत्या निर्बंधाला अधिसूचनेची गरज नाही. त्यामुळे रस्त्याचे काम किंवा फेस्त (चर्चचा उत्सव) चालू असलेल्या भागात लढण्यापूर्वी फलक होता का, एवढेच तपासावे. तालांव कळताच त्या ठिकाणी जाऊन, ज्या दिशेने आलो त्याच दिशेने, छायाचित्रे घ्यावीत. पावसाळ्यात झाडी वाढून फलक झाकले जातात आणि महिनाभराने कोणीतरी ती छाटून टाकते. मग आपल्या म्हणण्याला आधार उरत नाही.

तारखा न जपणे

कलम २०९ हे या विषयातले फार कमी लोकांना ठाऊक असलेले कलम आहे. कलम १८३ किंवा १८४ (धोकादायकपणे वाहन चालवणे) खालच्या गुन्ह्यात दोषी ठरवायचे असेल तर चालकाला जागीच तशी ताकीद दिलेली असावी, किंवा गुन्ह्यापासून १४ दिवसांत त्याला वा नोंदणीकृत मालकाला नोटीस दिलेली अथवा रजिस्टर टपालाने पाठवलेली असावी, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेले असावे, असे ते सांगते. नियम १६७-अ मध्ये इलेक्ट्रॉनिक तालांवाच्या नोटिशीसाठी १५ दिवस दिले आहेत. म्हणून संदेशाची तारीख दिसेल असे स्क्रीनचे छायाचित्र आणि टपालाचा लिफाफा, शिक्क्यासह, जपून ठेवावा.

परंतु याच कलमात एक अपवाद आहे: वाजवी प्रयत्न करूनही नाव-पत्ता मिळू शकला नाही, किंवा आरोपीच्याच वर्तनामुळे उशीर झाला, असे न्यायालयाला पटले तर मुदतीचा आधार मिळत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता आणि बंद पडलेला मोबाइल क्रमांक असलेल्या मालकाने मुदतीची तक्रार करावी तरी कशी? मी स्वतः घर बदलल्यानंतर दोन वर्षे पत्ता बदलला नव्हता, आणि माझ्या गाडीचे दोन तालांव मला विमा नूतनीकरणाच्या वेळी कळले. तोवर छायाचित्र पाहून म्हणणे मांडण्याची वेळ निघून गेली होती. पत्ता आणि मोबाइल क्रमांक आजच तपासून पाहावेत.

गाडी माझी, पण चालक मी नव्हतो

गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे, कारण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या दुचाकी आणि मोटारींवर कित्येक कुटुंबे चालतात. पर्यटक हणजुण्याहून पाळोळ्यापर्यंत सुसाट जातो, विमानाने परततो, आणि तालांव मालकाकडे येतो. इथे गप्प बसणे ही चूक आहे. कलम १३३ नुसार अधिकाऱ्याने विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा तपशील देणे मालकाचे कर्तव्य आहे. गाडी हाती देतानाच परवान्याची प्रत, सही केलेला करार आणि देण्या-घेण्याची नेमकी वेळ नोंदवून ठेवणाऱ्या मालकाला लेखी उत्तर देणे सोपे जाते. ज्याच्याकडे फक्त ‘दिल्लीचा मुलगा होता’ एवढीच आठवण आहे, त्याला दंड स्वतःच भरावा लागतो.

विकलेल्या गाडीचेही तसेच आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. सावंतवाडी किंवा कारवारकडे गाडी दिली तर ना हरकत प्रमाणपत्राची प्रक्रियाही पूर्ण करावी लागते. नावबदल होईपर्यंत तालांव जुन्याच मालकाच्या दारात येत राहतात.

लढायचेच ठरले तर

नोटिशीवर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी आणि तिची पोच ठेवावी. प्रकरण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले तर समन्सकडे दुर्लक्ष करू नये. दंडापुरत्याच शिक्षेच्या अशा खटल्यात वकिलामार्फत हजर राहता येते. मुद्दे दोन-तीनच ठेवावेत. ओळख चुकली, मोजणी शंकास्पद आहे, फलक नव्हता, यांपैकी जे कागदाने दाखवता येते तेवढेच मांडावे. वकिलाची फी आणि बुडालेला रोजगार दंडाहून जास्त होईल हेही आधीच मोजावे.

लोकअदालतीत प्रकरण नेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे की तिथे तडजोड होते, गुन्हा घडला की नाही याचा निवाडा होत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आपली चूक नाही असे ठामपणे सांगायचे असेल तर ती जागा त्यासाठी नाही.

आणि छायाचित्र स्वच्छ आहे, गाडी आपली आहे, वेग खरोखर जास्त होता, तर भरावे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, आणि आपल्या गावांतल्या पदपथ नसलेल्या रस्त्यांवर शाळेतून परतणारी मुले व संध्याकाळी बसलेली गुरे तेवढ्याच अंतरावर असतात. अशा तालांवात पळवाट शोधू नये असे मला मनापासून वाटते.

भरल्यानंतर किंवा निकाल लागल्यानंतर एक काम उरते. संकेतस्थळावर तालांव ‘प्रलंबित’ दाखवला जात नाही ना, हे पंधरा दिवसांनी पाहावे. दिसत असेल तर पावती किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडून नोंद दुरुस्त करून घ्यावी, आणि ती प्रत गाडी विकेपर्यंत नोंदणी प्रमाणपत्रासोबत ठेवावी.